जीवाश्म फळाची नवी जाती : करवतीपासून नावापर्यंत

चकमक

‘फळ सापडलंय, नवीन वाटतंय, नाव काय ठेवू?’ हा प्रश्न इथे अधूनमधून येतोच, म्हणून वेगळा धागा काढतोय. नाव ठेवणं हे एका संध्याकाळचं काम. त्याआधी एखादी पायरी चुकली तर मात्र मागे फिरता येत नाही, कारण फळ एकच असतं आणि ते आपणच कापलेलं असतं.

लिहितोय ते दख्खनच्या आंतरट्रॅपी थरांतल्या चर्टबद्दल, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडाबद्दल. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी आणि दलदली झाल्या, त्यांतला झाडोरा सिलिकाने जागच्या जागी भरून निघाला. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. छिंदवाड्याकडचं मोहगाव कलां, नागपूरजवळचं माहूरझरी, वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव ही नेहमीची ठिकाणं. पुण्याच्या टेकड्या पालथ्या घालू नका. इकडे लाव्हाचे थर जाड आणि मधला गाळ नावापुरता. वनस्पतींची श्रीमंती सगळी पूर्वेच्या कडेला.

चर्ट झिजत नाही, आजूबाजूची माती झिजते. त्यामुळे ढेकळं नांगरटीत वर येतात, बांधावर पडून असतात. अशा वेळी ‘सुटं ढेकूळ, थरातून काढलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. जीपीएस, गट नंबर, मालकाची परवानगी, तारीख, सगळं त्याच दिवशी. हातोडीने ढेकूळ फुटून फळाचे दोन तुकडे दोन बाजूंना गेले तर दोन्हींना एकच क्रमांक, पुढे अ आणि ब. वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या दृष्टीने तो एकच नमुना आहे. वेगवेगळे क्रमांक देऊन ठेवले की पुढे ‘होलोटाइप (नाव ज्याच्यावर टांगलेलं असतं तो एक नमुना) नक्की कुठला?’ हा घोळ होतो.

करवत लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रकाश वरून डावीकडून, शेजारी मिलिमीटरची पट्टी. फुटलेल्या कडेवर फळाचा अक्ष ओळखा: देठाची बाजू कुठली, टोकाची कुठली. मग छेद आडवा घ्यायचा की उभा ते ठरवा. एकच फळ असेल तर आधी आडवा, फळाच्या मध्याच्या जरा खाली किंवा वर, म्हणजे मध्य पीलसाठी (आम्लाने उठवलेल्या पृष्ठभागाचा पारदर्शक कागदावर घेतलेला ठसा) शिल्लक राहतो. डायमंड ब्लेड स्वतःच्या जाडीएवढं, साधारण एक मिलिमीटर, खाऊन टाकतं. फळ सहा मिलिमीटरचं असेल आणि तुम्ही तीन काप घेतलेत तर अर्धं फळ करवतीच्या पाण्यातून वाहून गेलं. म्हणून एकच काप घ्यायचा आणि तिथून पुढे पील. दर पीलमागे घासणं धरून पन्नासेक मायक्रॉन जातात, म्हणजे सहा मिलिमीटरच्या फळातून शंभरेक पील निघू शकतात. प्रत्येक पीलवर लगेच क्रमांक आणि दिशा. उलटा चिकटवलेला पील म्हणजे डावं-उजवं बदललेलं फळ.

घासायला काचेवर कार्बोरंडम पूड, आधी ४०० नंबर, मग ६००, शेवटी १०००. नंबर बदलताना दगड, काच, हात सगळं धुवा. जाड पुडीचा एक कण पुढच्या काचेवर आला तर तयार झालेली चर संपूर्ण बीजावर आडवी दिसते.

आम्लाचं आणि वर्णनाचं जाणकारांनी लिहावं. मी नियमांचं बघतो.

टेकडीवासी

छान धागा. वाचनखूण साठवली. एक शंका: वाघोलीच्या बाजूच्या खाणीतून आणलेले गोल गोल गोळे आहेत, लिंबाएवढे, आत कडं-कडं रचना. एकाला मधोमध ‘बी’ आहे. फळ असू शकेल का?

चकमक

टेकडीवासी, ती बदामी पोकळीतली खनिजं. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात, नंतर त्यात अ‍ॅगेट, क्वार्ट्‌झ, झिओलाइट साचतं. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट याच पोकळ्यांतलं. बाहेरून आत एकामागून एक साचत गेल्यामुळे कडी पडतात आणि मध्ये राहिलेली मोकळी जागा बीसारखी दिसते. दहापट भिंगाखाली बघा: फळात भिंतीला पेशींची जाळी असते, कप्पे ठरावीक संख्येत, आणि एका बाजूला देठाची खूण. यांतलं काही नसेल आणि गोळा थेट बेसॉल्टमध्ये रुतलेला असेल, तर विषय संपला.

आम्लपर्णी

आम्लाचं मी लिहिते. हे वाचून कुणी घराच्या गच्चीवर प्रयोग करणार असेल तर इथेच थांबावं. हायड्रोफ्लोरिक आम्ल कामाला फक्त फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), दुसरं माणूस खोलीत असताना, आणि २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असताना. सौम्य आम्ल कातडीवर पडलं तर लगेच दुखत नाही, तासांनी दुखतं. तोवर फ्लोराइड आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधायला लागलेलं असतं. साधे पातळ लॅटेक्स हातमोजे चालत नाहीत. जाड निओप्रीन, वर तोंडाला फेसशील्ड, अंगाला आम्लरोधक एप्रन. भांडी प्लास्टिकची. काचेचं काही नको, आणि मायक्रोस्कोप त्या खोलीत तर अजिबात नको, वाफेने लेन्स धुरकट होतात.

पद्धत: घासून पूर्ण सपाट केलेला दगड, पृष्ठभाग खाली करून, ४० टक्क्यांच्या आसपासच्या आम्लाच्या उथळ थरात एक ते तीन मिनिटं. किती वेळ, ते चर्ट किती दाट आहे त्यावर. आधी त्याच ढेकळाच्या निरुपयोगी कोपऱ्यावर करून बघा. सिलिका थोडी विरघळते आणि पेशीभित्तींचे उरलेले सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर उभे राहतात. इथून पुढे त्या भागाला बोट नको, कापड नको, ब्रशही नको. हलक्या वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसलंत तर उभ्या राहिलेल्या भित्ती आडव्या होतात आणि पीलवर नुसता करडा डाग येतो.

मग दगड वाळूच्या तबकात ठेवून पृष्ठभाग समपातळीत आणा, अ‍ॅसिटोन ओता, सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा कागद एका कडेपासून वळवत बसवा. अ‍ॅसिटोन कमी पडलं तर बुडबुडे, म्हणजे पीलवर पांढरे गोल ठिपके. जास्त झालं तर कागद विरघळून सुरकुत्या. अर्ध्या तासात सुकतो. घाईने ओढला तर नेमका बीजाच्या जागी फाटतो, कारण सगळ्यात जाड सेंद्रिय थर तिथेच असतो. काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये (पारदर्शक राळेत) बसवा.

उरलेलं आम्ल मोरीत ओतायचं नाही. चुन्याच्या निवळीत हळूहळू घालून कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसू द्या, तो साका संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात.

सूक्ष्मछेद

आम्लपर्णीताई, ‘आधी कोपऱ्यावर करून बघा’ हे सोन्याचं वाक्य.

मायक्रो-सीटीबद्दल, म्हणजे न कापता आतलं दाखवणाऱ्या एक्स-किरण स्कॅनबद्दल थोडं. हल्ली सगळ्यांना वाटतं स्कॅन केलं की कापायची गरज नाही. एक सेंटिमीटरचं फळ आणि आडव्या २००० पिक्सेलचा डिटेक्टर घेतला तर एक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा ठिपका) पाच मायक्रॉनचा. पेशी वीस-तीस मायक्रॉनच्या असतील तर चार ते सहा व्हॉक्सेल. पेशीची भिंत दिसायचा प्रश्नच नाही. त्यात चर्टमध्ये पोकळीही सिलिका आणि भिंतही सिलिका, घनता जवळपास सारखी. फरक दिसतो तो उरलेल्या कार्बनमुळे, लोहामुळे, किंवा काही भाग रिकामा राहिला असेल तर. म्हणून स्कॅनमध्ये कप्पे, बियांची मांडणी, अंतःफलभित्तीचा (फळाच्या भिंतीच्या सगळ्यात आतल्या थराचा) आकार उत्तम येतो, पेशीरचना पीलमध्येच.

तरीही आधी स्कॅन. करवतीने खाल्लेला तो मिलिमीटर फक्त स्कॅनमध्ये उरतो. ढेकूळ शक्य तेवढं लहान करून द्या, मोठ्या दगडात एक्स-किरण शोषले जाऊन चित्र काळवंडतं.

ताडाच्या फळांचं उदाहरण बघा. हायफीनिओकार्पॉन इंडिकम हे नाव १९८२ सालचं. २०१९ मध्ये ती फळं नव्याने तपासली, मायक्रो-सीटीही वापरलं, आणि ती ताडाच्या, म्हणजे बोरॅसी गटातली ठरली. नमुना जपून ठेवलेला होता म्हणून पुन्हा बघता आला.

बीजपेटी

वर्णनाकडे वळूया, कारण तिथेच सगळ्यात जास्त हस्तलिखितं परत येतात.

तिरक्या छेदाची मापं सरळ छेदाची म्हणून देणं ही पहिली चूक. गोल कप्पा तिरका कापला की लंबगोल दिसतो. मग ‘कप्पे लंबगोल, दोन्ही बाजूंनी चपटे’ असं वर्णन होतं, आणि त्याच्यावर नवीन जाती उभी राहते. छेद तिरका आहे का ते मधल्या वाहिनीबंधावरून कळतं: आडव्या छेदात तो ठिपक्यासारखा हवा, लांबट रेघ झाली की छेद कलला. दुसरी चूक म्हणजे एकाच पातळीवरून कप्पे मोजणं. तीन कप्प्यांच्या फळाला अगदी तळाशी कापलं तर पडदे एकत्र येऊन भरीव दिसतं, टोकाकडे पडदे अपुरे असले तर एकच पोकळी दिसते. पीलची सगळी मालिका बघितल्याशिवाय कप्प्यांची संख्या लिहू नका.

काय काय नोंदवायचं: फळाची लांबी-रुंदी, देठ, निदलपुंजाचे (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांचे) अवशेष आहेत का, फलभित्तीचे थर किती, प्रत्येकाची जाडी, पेशींचा आकार, कठीण अंतःफलभित्ती आहे का, कप्पे किती, बीजं अक्षाला लागलेली की भिंतीला, एका कप्प्यात किती बिया, फळ फुटतं का, फुटलं तर पडद्यावर की कप्प्याच्या पाठीवर. बीचं वेगळं: आवरणाचे थर, नाभी (बी देठाला लागते ती खूण), रॅफी (तिथून निघणारी शीर), कलाजा (ती शीर संपते ती जागा) कुठल्या बाजूला. गर्भ टिकला असेल तर नशीबच. मापं कमीत कमी–सरासरी–जास्तीत जास्त अशी, आणि किती नमुन्यांवरून ते कंसात.

बी का महत्त्वाची, ते द्राक्षकुळावरून कळेल. द्राक्षाच्या बीला पोटाकडून दोन खळगे आत शिरलेले असतात आणि पाठीवर कलाजाची गोलसर खूण असते. मध्यातून आडवा छेद घेतला की त्या दोन खळग्यांमुळे भ्रूणपोष (बीतला गर्भाला पोसणारा भाग) इंग्रजी एम अक्षरासारखा दिसतो. दोन्ही खुणा एकत्र असलेलं दुसरं कुळ नाही. इंडोव्हिटिस चितळेई, २०१३ साली प्रसिद्ध झालेली, दख्खनच्या चर्टमधली द्राक्षकुळातली फळं, याच खुणांवर ओळखली गेली. मंडईतून बी असलेली काळी द्राक्षं आणा, बी ब्लेडने आडवी चिरा आणि पीलशेजारी ठेवा. बिनबियांची आणलीत तर द्राक्षं खाऊन टाका, दुसरं काय.

तुलनेचं साहित्य पुण्यात मुबलक आहे. कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात कुळवार बघता येतं. मेंदीच्या कुळातलं काही वाटत असेल तर ताम्हण, धायटी, डाळिंब यांची ताजी फळं सहज मिळतात. मात्र चार झाडांशी जुळत नाही म्हणून ‘नवीन’ असं ठरवू नका. आधी दख्खनमधूनच नाव मिळालेली सगळी फळं डोळ्यांखालून घाला. अर्ध्या वेळा तुमची ‘नवीन’ जाती म्हणजे जुन्याच फळाचा वेगळ्या कोनातला छेद निघतो.

टेकडीवासी

एका नमुन्यावर नवी जाती करावी का?

बीजपेटी

माझं मत: नाही. एक कच्चं फळ आणि एक पिकलेलं, दोन जाती झालेल्या बघायला मिळतात.

चकमक

इथे माझं जुळत नाही. नियम एकाच नमुन्याला पुरेसं मानतो. होलोटाइप मुळातच एक असतो. आंतरट्रॅपी चर्टमध्ये दुसरा नमुना मिळायला वीस वर्षं लागू शकतात. कुळ ठरवणारी खूण पूर्ण दिसत असेल, द्राक्षाच्या बीसारखी, तर एकावर करावी. नुसता ‘आकार वेगळा, भिंत जाड’ एवढंच असेल तर दहा नमुने असले तरी करू नये.

बीजपेटी

खूण पूर्ण दिसत असेल तर, मान्य. पण तशी किती वेळा दिसते?

लॅटिनची_शिकवणी

नावाकडे कुणी येत नाहीये म्हणून मीच येते.

वनस्पतिनामांच्या संहितेत आडनावावरून नावाचा दुसरा शब्द करताना शेवटचं रोमन अक्षर बघायचं. व्यंजन असेल तर पुरुषासाठी दोन आय, स्त्रीसाठी आय-ए-ई. म्हणजे पाटील पुरुष असेल तर शेवटी दोन आय. पुण्यातली समस्त ‘कर’ मंडळी यातच. ई-आर ने संपणाऱ्या आडनावांना एकच आय लागतो, ती सवलत ए-आर वाल्यांना नाही. स्वर किंवा वाय असेल तर पुरुषासाठी एक आय, स्त्रीसाठी ए-ई. देशपांडे पुरुषाला एक आय, देशपांडे बाईंना ए-ई. चितळे हे आडनाव वाय लावून लिहिलं होतं, शास्त्रज्ञ स्त्री, म्हणून चितळेईच्या शेवटी ए-ई. जोशी पुरुषाला दोन आय दिसतात, पण त्यातला पहिला आडनावाचाच. रोमन ए ने संपणारं आडनाव, उदाहरणार्थ शर्मा, असेल तर स्त्री-पुरुष दोघांनाही नुसता ई.

गावावरून करायचं तर प्रजातीच्या (नावातल्या पहिल्या शब्दाच्या) लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं. कार्पॉनने संपणारी प्रजाती नपुंसकलिंगी, म्हणून -एन्से. कार्पस पुल्लिंगी आणि थीका स्त्रीलिंगी, या दोघांना -एन्सिस. म्हणूनच हायफीनिओकार्पॉनला इंडिकम आणि युफोर्बिओथीकाला डेक्कनेन्सिस. आडनावाच्या षष्ठीला हा नियम नाही, ती बदलत नाही.

प्रजातीही नवीन करणार असाल तर ते नाव जिवंत वनस्पती, शैवाल, बुरशी, जीवाश्म या कशालाच आधी दिलेलं नको. प्राण्याला असेल तर चालतं. शोध फक्त जिवंत वनस्पतींच्या सूचीत घेऊन थांबू नका. जीवाश्म वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय सूची वेगळी आहे.

आणि कृपया ‘महाराष्ट्रेन्सिस’ पुरे. पुढच्या माणसाला फळ ओळखायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कोथरूडचा_वेताळ

मराठीत वर्णन लिहून छापलं तर नाव ग्राह्य धरतील का? आणि वर्तमानपत्रात बातमी आधी आली तर?

चकमक

मराठी वर्णन जरूर द्या, पण १ जानेवारी १९९६ पासून जीवाश्म वनस्पतीच्या नव्या नावाला वर्णन किंवा भेदक लक्षणं लॅटिन अथवा इंग्रजीत असणं सक्तीचं आहे. वर्तमानपत्रातल्या बातमीने नाव प्रसिद्ध झालं असं धरलं जात नाही, त्यामुळे नियमाने धोका नाही. पण परीक्षक नाराज होतो आणि नाव लोकांच्या तोंडी चुकीच्या वर्णलेखनाने बसतं. परिषदेच्या सारांशातही नाव छापू नका, ‘द्राक्षकुळातलं नवं फळ’ एवढंच लिहा. वर्णनाशिवाय छापलेलं नाव म्हणजे नुसतं नाव, पुढे प्रत्येकाला ते खोडत बसावं लागतं.

बाकीच्या अटी एका दमात: १९१२ पासून जीवाश्म जातीला चित्र किंवा आकृती हवी, १९९० पासून ‘होलोटाइप’ किंवा ‘टायपस’ हा शब्द छापलेला हवा आणि तो कुठल्या एका संग्रहात ठेवलाय ते हवं, २००१ पासून चित्रांपैकी निदान एक होलोटाइपचं आहे असं स्पष्ट म्हटलेलं हवं. २०१२ पासून केवळ ऑनलाइन पीडीएफ चालते, पण नियतकालिकाला आयएसएसएन किंवा पुस्तकाला आयएसबीएन हवा. प्रबंधात नाव घालून मोकळे होऊ नका, प्रबंध आपोआप प्रसिद्धी ठरत नाही. बुरशीला नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे, जीवाश्म वनस्पतीला नाही. तरी प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे असलेल्या जीवाश्म वनस्पतिनामांच्या नोंदवहीत नोंद करून क्रमांक लेखात द्या. संहिता २०२४ च्या माद्रिद काँग्रेसनंतरची वापरा, जुनी पीडीएफ नको.

फूल आणि फळ वेगळं मिळालं तर दोन नावं राहू शकतात. बिरबल साहनींनी १९४३ मध्ये वर्णिलेलं एनिग्मोकार्पॉन हे फळ आणि साहनिअँथस हे फूल एकाच झाडाचं मानलं जातं, तरी दोन्ही नावं आपापल्या भागाला चालत आली. फुलापासून फळापर्यंतच्या मधल्या अवस्था एकाच ढेकळात दिसल्या तरच जोडा.

सूक्ष्मछेद

पील आणि काचपट्ट्या होलोटाइपमध्ये धरायच्या का?

चकमक

हो. फळ एक, त्याचं उरलेलं ढेकूळ, त्यातून निघालेले सगळे पील आणि काचपट्ट्या मिळून एक नमुना. संहितेचीही शिफारस आहे की कापलेल्या होलोटाइपचे वर्णनाला वापरलेले सगळे तुकडे ठळक खुणेने दाखवावेत. ढेकळाला मूळ क्रमांक, पीलना त्यालाच जोडून वरचा-खालचा क्रम. पण त्याच ढेकळात शेजारी दुसरं फळ असेल तर ते दुसरा नमुना. त्याचे छेद होलोटाइपच्या चित्रफलकात मिसळायचे नाहीत.

टेकडीवासी

आणि ढेकूळ घरी ठेवलं तर?

आम्लपर्णी

घरी नको. संहिता ‘संग्रह’ म्हणते, पण चांगलं नियतकालिक खासगी कपाटातला होलोटाइप स्वीकारत नाही. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी किंवा पुण्यातल्या ज्या संस्थेत कायमस्वरूपी संग्रह आणि नोंदवही आहे तिथे द्या, आणि क्रमांक हातात आल्यावरच लेख पाठवा. ‘क्रमांक नंतर कळवू’ असं लिहिलेलं हस्तलिखित पहिल्याच फेरीत परत येतं. शेवटची प्रूफं आली की चित्रफलकाखालचे क्रमांक, मजकुरातले क्रमांक आणि काचपट्टीवरचे क्रमांक तिन्ही समोर ठेवून एकेक जुळवा. हे काम लेखकानेच करायचं, विद्यार्थ्यावर ढकलायचं नाही.